स्क्रायबस १.६ सोर्समधून बांधायचं आहे, पण जुन्या इन्स्टॉलचा कचरा आड येतोय

शाईपेटी

मशीन: डेबियन १२, ६४ बिट, चार कोअर, ४ जीबी रॅम. अंकाची मांडणी स्क्रायबसवर होते, मजकूर सगळा युनिकोड देवनागरी. ॲप्टमधलं स्क्रायबस १.५.८ टाकलेलं आहे. शिवाय याच मशीनवर पूर्वी कुणीतरी १.५ मालिकेतलंच स्क्रायबस सोर्समधून बांधून /यूएसआर/लोकलमध्ये ठेवलंय, बहुधा एकावर एक दोनदा. त्याचं बिल्ड फोल्डर आता शिल्लक नाही. मला १.६ हवं आहे आणि सोर्समध्ये एक छोटा बदल करायचा आहे, म्हणून ॲपइमेज किंवा फ्लॅटपॅकचा उपयोग नाही.

अडचणी तीन:

मेक -जे८ दिलं की अर्ध्यात कुठेतरी 'किल्ड' असं येऊन सीसी१प्लस (सी++चा कंपायलर) मरतो. दर वेळी वेगळ्या फाइलवर.

टर्मिनलमध्ये स्क्रायबस टाइप केलं की ॲप्टमधलं सोडून /यूएसआर/लोकलमधलं उघडतं, आणि उघडताना प्लगइनांच्या नावाने 'अनडिफाइन्ड सिम्बॉल'च्या ओळी पडतात. अनइन्स्टॉल कसं करायचं?

नवीन बांधलेलं ॲप्टवाल्याच्या शेजारी नांदायला हवं, मेनूत दोन्ही वेगळी दिसायला हवीत, आणि उद्या नको झालं तर एका फटक्यात जायला हवं. /यूएसआर/लोकलमध्येच टाकू की आणखी कुठे?

---

रात्रपाळी

आदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाइप करा.

सीसी१प्लस मरतो त्यात कोडचा दोष नाही. रॅम संपली की कर्नल सगळ्यात खादाड प्रक्रिया मारतो, आणि बांधणी चालू असताना ती म्हणजे कंपायलर. दर वेळी वेगळी फाइल ही त्याचीच खूण. कोडमध्ये चूक असती तर त्याच ओळीवर अडलं असतं. 'सुडो डीमेसेज' करून शेवटच्या ओळी पाहा, 'आउट ऑफ मेमरी' दिसेल. क्यूटीची हेडरं ओढणारी सी++ फाइल कंपाइल होताना एकेका कामाला अर्धा ते एक जीबी सहज लागतो. म्हणजे -जेचा आकडा कोअर मोजून ठरवायचा नाही, रॅम मोजून ठरवायचा. ४ जीबीवर डेस्कटॉप आणि ब्राउझर चालू असेल तर -जे२, ब्राउझर बंद केलात तर -जे३. मेकऐवजी निन्जा वापरणार असाल तर जास्तच जपा, कारण -जे दिलाच नाही तर तो कोअरच्या संख्येपेक्षाही एकदोन कामं जास्त उघडतो. मेक मात्र -जे नसेल तर एकच काम करतो. मारल्यानंतर पुन्हा पहिल्यापासून बांधायची गरज नाही. तोच आदेश कमी आकड्याने द्या, राहिलेल्या फाइलीच होतील.

आता जुना कचरा. डेबियनची पॅकेजं /यूएसआर/लोकलमध्ये फाइली ठेवत नाहीत, फार तर रिकामी फोल्डरं करतात. त्यामुळे तिथे जे काही आहे ते माणसानेच टाकलेलं, ॲप्टला धक्का लागण्याची भीती नाही. आधी नुसती यादी काढा:

फाइंड /यूएसआर/लोकल -आयनेम '*स्क्रायबस*'

बिन, लिब, शेअर, शेअर/डॉक या चार ठिकाणी स्क्रायबस नावाच्या गोष्टी मिळतील, शिवाय शेअर/ॲप्लिकेशन्समधली .डेस्कटॉप फाइल, शेअर/माइम/पॅकेजेसमधली .एक्सएमएल, शेअर/आयकॉन्सखाली निरनिराळ्या मापांची चित्रं आणि शेअर/मॅनमधली पानं. मॅनची पानं डीई, पीएल अशा भाषांच्या उपफोल्डरांतही असतात, ती हमखास राहून जातात. यादी डोळ्यांखालून घाला, मगच आरएम. यादी न बघता त्याच आदेशाला -डिलीट जोडू नका. कुणी आपली टेम्प्लेटं शेअर/स्क्रायबसमध्ये ठेवलेली असली तर तीही जातील.

नावात स्क्रायबस नसलेलं काही उरलंय अशी शंका असेल तर तारखेने शोधता येतं, पण एमटाइमने शोधू नका. सीमेक (बांधणीची तयारी करणारं साधन) इन्स्टॉल करताना मूळ फाइलींच्या तारखा जशाच्या तशा ठेवतं, त्यामुळे काल टाकलेली फाइल तीन वर्षांपूर्वीची दिसते. सीटाइम बघा, म्हणजे फाइंडला -न्यूअरसीटी.

सगळ्यात बिनचूक उपाय वेगळाच आहे, थोडा वेळखाऊ: त्याच जुन्या आवृत्तीचा टारबॉल पुन्हा घ्या, त्याच प्रीफिक्सने (इन्स्टॉल जिथे होतं त्या फोल्डराचा पत्ता) बांधा, आणि डेस्टडिर=/टीएमपी/जुनं देऊन इन्स्टॉल करा. फाइली /टीएमपी/जुनं/यूएसआर/लोकलखाली पडतील, सिस्टिमला हात लागणार नाही, आणि हुकमी यादी हाती येईल. एरवी हीच यादी बिल्ड फोल्डरात इन्स्टॉल_मॅनिफेस्ट.टीएक्सटी या नावाने असते. 'मेक अनइन्स्टॉल'वर विसंबू नका. सीमेक ते आपणहून देत नाही, प्रकल्पाने मुद्दाम लिहिलं असेल तरच असतं. मॅनिफेस्ट असेल तर ती फाइल एक्सआर्ग्ज आरएमला पाजली की झालं. रिकामी फोल्डरं तेवढी हाताने काढायची.

पुसून झाल्यावर त्याच टर्मिनलात 'हॅश -आर' द्या. बॅशने जुना पत्ता लक्षात ठेवलेला असतो, 'नो सच फाइल' म्हणत राहील आणि तुम्ही उगाच डोकं खाजवत बसाल. मग 'टाइप -ए स्क्रायबस' करा. फक्त /यूएसआर/बिनवालं दिसलं पाहिजे. (काही मशीनवर तेच /बिनच्या नावानेही दुसऱ्यांदा दिसतं, ते फोल्डर एकच आहे.)

---

खिळेजुळारी

'अनडिफाइन्ड सिम्बॉल' कुठून येतं ते सांगतो, म्हणजे नवीन कुठे ठेवायचं ते आपोआप ठरेल.

स्क्रायबसची बरीचशी कामं, म्हणजे आयात, निर्यात, स्क्रिप्टर वगैरे, लिब/स्क्रायबस/प्लगइन्समध्ये सुट्या .एसओ फाइलींत असतात. सुरू होताना त्या फोल्डरातलं दिसेल ते प्लगइन ते उचलतं. त्याच प्रीफिक्सवर नवी आवृत्ती टाकली की सारख्या नावाच्या फाइली बदलतात. पण जुन्या आवृत्तीत असलेलं आणि नव्यात नाव बदललेलं किंवा वगळलेलं प्लगइन तिथेच पडून राहतं. इन्स्टॉल हा आदेश फक्त ठेवतो, काही उचलून टाकत नाही. मग नवी बायनरी जुनं प्लगइन उघडू बघते, त्याला हवं ते फंक्शन सापडत नाही, की आल्या ओळी.

म्हणून नियम एकच: दर आवृत्तीला स्वतःचं रिकामं फोल्डर. मशीन तुम्ही एकटेच वापरत असाल तर ते घरच्या फोल्डरातच करा, उदा. होममध्ये ॲप्स/स्क्रायबस-१.६. चार जण वापरत असतील तर /ऑप्ट/स्क्रायबस-१.६. घरच्या फोल्डरात फायदा असा की सुडो लागतच नाही, आणि सुडो नाही तर बांधणीत काही चुकलं तरी सिस्टिमच्या फाइलींवर लिहिलं जाणारच नाही.

परावलंबनं: सोर्सेस.लिस्टमध्ये डेब-एसआरसी ओळी चालू करा, अपडेट करा, मग 'सुडो ॲप्ट बिल्ड-डेप स्क्रायबस'. ॲप्ट इथे १.५.८ची यादी वाचतं. १.६ही क्यूटी ५वरच असल्याने ती जवळजवळ तशीच चालते. १.७ला चालणार नाही, ती मालिका क्यूटी ६वर गेली. मला मात्र बिल्ड-डेपपेक्षा डेव्हस्क्रिप्ट्समधलं एमके-बिल्ड-डेप्स आवडतं: 'सुडो एमके-बिल्ड-डेप्स -आय -आर स्क्रायबस'. ते स्क्रायबस-बिल्ड-डेप्स नावाचं एक पोकळ पॅकेज करतं आणि सगळी -डेव (बांधणीपुरती लागणारी, हेडरांची) पॅकेजं त्याच्या नावावर येतात. काम झाल्यावर ते एक काढून ऑटोरिमूव्ह केलं की -डेवची फौज परत जाते. आदेश एखाद्या रिकाम्या फोल्डरात द्या, मागे चारदोन फाइली सोडतो.

टारबॉल सोडवा आणि बदल करण्याआधी त्या फोल्डरात 'गिट इनिट', सगळं ॲड, एक कमिट. मग तुमचा बदल. 'गिट डिफ'चं आउटपुट एका .पॅच फाइलीत बाहेर ठेवा. पुढची १.६.x आली की 'पॅच -पी१' करून तोच बदल बसवता येईल, हाताने शोधत बसायला नको.

बांधणी सोर्सच्या बाहेर:

सीमेक -एस . -बी ../बिल्ड-१६ -जी निन्जा -डीसीमेक_बिल्ड_टाइप=रिलीज -डीसीमेक_इन्स्टॉल_प्रीफिक्स=$होम/ॲप्स/स्क्रायबस-१.६

सीमेक --बिल्ड ../बिल्ड-१६ -जे२

सीमेक --इन्स्टॉल ../बिल्ड-१६

-डीनंतरची दोन्ही नावं आणि होम कॅपिटलमध्ये. प्रीफिक्सचा पूर्ण पत्ता द्या. सोर्सच्या आतच सीमेक चालवलंत तर सीमेककॅश.टीएक्सटी तिथे पडते आणि नंतर बाहेरून बांधायला गेलात तरी गोंधळ घालते. कॅशची दुसरी खोड अशी की सीमेकने कंपाइल करून घेतलेली एखादी चाचणी पहिल्या वेळी फसली तर ते 'नाही'सुद्धा लक्षात राहतं. -डेव पॅकेज टाकल्यावरही तेच उत्तर. अशा वेळी कॅश दुरुस्त करत बसू नका, बिल्ड-१६ फोल्डर पुसा आणि पहिल्यापासून सीमेक द्या.

पहिल्या सीमेकचं आउटपुट 'टी' या आदेशातून एका लॉगमध्ये घ्या आणि वाचा. इथेच बहुतेकांची फसगत होते: अत्यावश्यक गोष्ट नसेल तर सीमेक थांबतं, पण ऐच्छिक नसेल तर एक ओळ लिहून पुढे जातं. लायब्ररी मशीनवर आहे पण तिची हेडरं नाहीत, असं झालं तरी सीमेकच्या लेखी ती 'नाही'च.

याची पडताळणी प्रोग्राममध्येच आहे. हेल्पमधलं 'अबाउट स्क्रायबस' उघडा, बिल्ड आयडी दिसेल: सी, सी, टी, एफ आणि शेवटी कैरोच्या आवृत्तीसह सी. पहिला सी म्हणजे लिटलसीएमएस, दुसरा कप्स, टी टिफ, एफ फॉन्टकॉन्फिग. एखाद्या अक्षराच्या जागी चांदणी असेल तर ती लायब्ररी बांधणीत आलेली नाही. छपाईच्या कामाला पहिल्या जागी चांदणी म्हणजे रंगव्यवस्थापन नाही, ते बिल्ड टाकून द्या.

आणि हो, ॲनाकोंडा असेल तर आधी 'कोंडा डीॲक्टिव्हेट'. नाहीतर सीमेक कोंडाच्या फोल्डरातलं क्यूटी किंवा आयसीयू उचलतं, कंपाइल व्यवस्थित होतं आणि लिंक करताना किंवा चालवताना आपटतं. कॅशमध्ये 'कोंडा' हा शब्द ग्रेप करून बघा, एकही ओळ यायला नको.

---

सुतारपक्षी

एवढा खटाटोप कशाला? मेक इन्स्टॉलच्या जागी सुडो चेकइन्स्टॉल द्या. .डेब तयार होतं, डीपीकेजीला त्याची नोंद राहते, ॲप्टने काढता येतं.

---

रात्रपाळी

@सुतारपक्षी, एरवी चालतं, इथे नको. चेकइन्स्टॉल पॅकेजचं नाव फोल्डरवरून सुचवतं. एंटर दाबत गेलं की नाव पडतं स्क्रायबस. मग डीपीकेजीच्या दृष्टीने ही ॲप्टमधल्या १.५.८चीच नवी आवृत्ती, ते १.५.८ काढून टाकणार. प्रश्नकर्त्यांना दोन्ही शेजारी हवी आहेत. वापरायचंच तर नाव वेगळं द्या आणि प्रीफिक्स /ऑप्टखालचा ठेवा. दुसरं, त्या .डेबमध्ये परावलंबनं लिहिलेली नसतात, आपणच भरायची. ती न भरल्याचा फटका ऑटोरिमूव्ह करताना बसतो. 'मेकडिर: नो सच फाइल' असं म्हणत मध्येच थांबलं तर --एफएसट्रान्स=नो देऊन बघा, पण त्याचा अर्थ फाइली आधी खरोखर सिस्टिमवर टाकल्या जातात आणि मग पॅकेज होतं.

/यूएसआर/लोकलचाच आग्रह असेल तर स्टो हे साधन जास्त सरळ आहे. प्रीफिक्स /यूएसआर/लोकलच ठेवायचा, डेस्टडिर देऊन दुसरीकडे इन्स्टॉल करायचं, तिथलं यूएसआर/लोकल उचलून /यूएसआर/लोकल/स्टो/स्क्रायबस-१.६ या नावाने ठेवायचं आणि त्या स्टो फोल्डरात जाऊन 'सुडो स्टो स्क्रायबस-१.६'. तो फक्त दुवे करतो, -डी दिलं की दुवे काढतो. प्रीफिक्स बांधतानाच बरोबर द्यायचा, कारण स्क्रायबसच्या नेहमीच्या बिल्डमध्ये शेअर आणि प्लगइन्सचे पत्ते बायनरीत कोरलेले असतात. बांधून झाल्यावर फोल्डरचं नुसतं नाव बदललंत तरी त्याला स्वतःच्याच फाइली सापडत नाहीत.

---

खिळेजुळारी

मेनूचं राहिलं होतं. इन्स्टॉल झालेली .डेस्कटॉप फाइल ॲप्स/स्क्रायबस-१.६/शेअर/ॲप्लिकेशन्समध्ये पडेल, डेस्कटॉप तिथे बघत नाही. ती .लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्समध्ये कॉपी करा. नाव जसंच्या तसं ठेवलंत तर ती सिस्टिमच्या त्याच नावाच्या फाइलीवर मात करते आणि ॲप्टवालं मेनूतून गायब होतं. तुम्हाला दोन्ही हवी आहेत, म्हणून नाव स्क्रायबस-१६.डेस्कटॉप करा. आत नेम=च्या ओळीत 'स्क्रायबस १.६', आणि नेम[एमआर]सारख्या भाषावार ओळी असल्या तर त्यातही. एक्झेक=मध्ये बायनरीचा पूर्ण पत्ता; इथे टिल्ड किंवा $होम चालत नाही, /होमपासून लिहा. आयकॉन=लाही चित्राचा पूर्ण पत्ता दिला की आयकॉन कॅशच्या भानगडीत पडायला नको. शेवटी डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट.

दोन्ही आवृत्त्यांच्या सेटिंग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून एक्झेकच्या ओळीत --प्रेफ्स आणि वेगळा पत्ता देता येतो. .एसएलए फाइलींचं मात्र तुम्हीच सांभाळा: चालू अंकाची फाइल १.६मध्ये उघडण्याआधी प्रत काढून ठेवा. वरच्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल खालच्या आवृत्तीत जशीच्या तशी उघडेल असं धरून चालू नये.

---

पाइपलाइन

यातच विचारतो. माझ्याकडे रोलिंग डिस्ट्रो आहे, पॉप्लर (पीडीएफ वाचणारी लायब्ररी) अगदी ताजं. १.६चा पहिला टारबॉल घेतला तर पीडीएफ आयातीच्या फोल्डरातच कंपायलर चुकांचा पाऊस पाडतो, बाकी सगळं सुरळीत. कुठली -डेव राहिलीय का?

---

खिळेजुळारी

@पाइपलाइन, काही राहिलेलं नाही, उलट जरा जास्तच नवीन आहे. स्क्रायबसची पीडीएफ आयात पॉप्लरची आतली हेडरं वापरते, बाहेरच्यांसाठी ठेवलेली स्थिर हेडरं नव्हेत. (डेबियनमध्ये त्यांचं पॅकेजच लिबपॉप्लर-प्रायव्हेट-डेव म्हणून वेगळं आहे.) आतल्या गोष्टींची हमी पॉप्लर देत नाही. फंक्शनचे पॅरामीटर बदलतात, पॉइंटरच्या जागी स्मार्ट पॉइंटर येतात, आणि दर वेळी स्क्रायबसला मागून जुळवून घ्यावं लागतं. म्हणून मालिकेतला पहिला टारबॉल घेऊ नका, १.६.xमधला शेवटचा घ्या. तोही अडला तर तुमच्या डिस्ट्रोने स्वतःच्या स्क्रायबस पॅकेजला लावलेले पॅच बघा. त्यांनाही हेच पॉप्लर भोवलेलं असतं, त्यामुळे पॅच बहुधा तयार मिळतो. पॉप्लरची जुनी आवृत्ती सिस्टिममध्ये कोंबू नका, पीडीएफ दाखवणारे बाकीचे प्रोग्राम तुटतील.

---

शाईपेटी

जुनं सगळं पुसलं, -जे२वर बांधणी पूर्ण झाली, बिल्ड आयडीत चांदणी नाही, मेनूत दोन्ही दिसतात. जोडाक्षरं आणि रफार तपासले, ठीक आहेत. १.६ चालतंय म्हटल्यावर ॲप्टमधलं १.५.८ काढून टाकलं, मग स्क्रायबस-बिल्ड-डेप्स काढून ऑटोरिमूव्ह केलं. आता १.६ उघडतं, पण पीडीएफ उघडता येत नाही. सकाळी येत होती.

---

रात्रपाळी

ऑटोरिमूव्हने -डेवबरोबर चालवायला लागणाऱ्या लायब्रऱ्याही नेल्या. तुमचं १.६ डीपीकेजीला माहीतच नाही, त्यामुळे त्याच्या लेखी त्या लायब्रऱ्यांना कुणी वाली उरला नव्हता. १.५.८ होतं तोवर त्याच्या आधाराने त्या टिकल्या असत्या. मुख्य बायनरीला लागणारं शिल्लक आहे म्हणून प्रोग्राम उघडतो. ज्या प्लगइनची लायब्ररी गेली तेवढंच वगळलं जातं.

एलडीडी (कुठल्या लायब्रऱ्या लागतात ते दाखवणारा आदेश) मुख्य बायनरीवर चालवून थांबू नका, लिब/स्क्रायबस/प्लगइन्सखालच्या सगळ्या .एसओ फाइलींवर चालवा:

फाइंड ~/ॲप्स/स्क्रायबस-१.६ -नेम '*.एसओ' -एक्झेक एलडीडी {} + | ग्रेप 'नॉट फाउंड' | सॉर्ट -यू

जी नावं येतील त्यांची पॅकेजं 'ॲप्ट इन्स्टॉल' करून टाका. डेबियन १२वर पॉप्लर म्हणजे लिबपॉप्लर१२६. नाव लिहून मागितलेलं पॅकेज ॲप्ट 'मॅन्युअल' धरतं, म्हणजे पुढच्या ऑटोरिमूव्हमध्ये जाणार नाही. आधीपासून असलेल्या पण काठावर असलेल्या लायब्रऱ्यांना ॲप्ट-मार्क मॅन्युअल. किंवा १.५.८ परत टाका आणि राहू द्या, त्याच्यामागोमाग बहुतेक सगळ्या येतील.

१२६ हा आकडा पॉप्लरच्या आवृत्तीबरोबर बदलतो, म्हणून डेबियन १३वर गेलात की हे बिल्ड तसंच चालणार नाही. त्या दिवशी नवं फोल्डर, नवी बांधणी. सोर्सचा टारबॉल आणि तुमची .पॅच फाइल तेवढी जपून ठेवा. बिल्ड-१६ आत्ता पुसलंत तरी चालेल, होमखालीच सगळं असल्याने मॅनिफेस्टची गरज नाही.

---

शाईपेटी

लिबपॉप्लर१२६, एवढंच नव्हतं. टाकलं, पीडीएफ उघडते.